सांबरीचा मान

आमच्या घरात मांसमच्छी चालते. रविवारी मटण शिजते, खाडीची कोळंबी आणि निवट्या आम्ही आवडीने खातो. तेव्हा पुढे जे लिहितो ते सोवळ्यातला माणूस नाक मुरडून लिहितो आहे, असे कोणी समजू नये. मला किळस आली ती मांसाची नव्हती.

थोरल्या मुलीसाठी कल्याणचे एक स्थळ आले होते. मुलाचे वडील जमीनदार. उल्हास नदीच्या अंगाला भाताची खाचरे, तळ्याजवळ मोठे घर, आणि मलंगगडाच्या पायथ्याला लागून थोडे स्वतःचे रान. मुलगा मुंबईत इंग्रजी शिकून परत आला होता, दिसायला नीटस होता. पत्रिका जुळली होती. वैशाख संपत आला होता, पुढे लग्नाचे थोडेच मुहूर्त उरले होते आणि मग चातुर्मास. मुलीचे वय पाहता आणखी एक चातुर्मास जाऊ द्यावा, असे घरात कोणालाच वाटत नव्हते. माझ्या बायकोला तर मुळीच नाही. बाकी राहिले होते ते एवढेच, की मी मुलाला चार घटका जवळून पाहावे आणि होकार द्यावा.

मी ठाण्याच्या कचेरीत जमाखर्चाकडे आहे. कोणतीही गोष्ट ताळा पडल्याशिवाय खरी मानायची नाही, ही माझी जुनी खोड. म्हणून मुलाला पाहायचे आहे असे मी कळवले. त्यावर जमीनदारांचा निरोप आला की घरात पानसुपारी खाऊन काय कळणार, शिकारीला चला, माणूस रानात कळतो.

मी गेलो. सकाळची गाडी धरली. दिवा स्टेशनच्या बाजूला मिठागरांतून मीठ ओढून त्याचे ढीग घालण्याचे काम जोरात चालले होते. उन्हाने ते ढीग पाहवत नव्हते. कल्याणला जमीनदारांची बैलांची दमणी उभी होती. आत ते स्वतः, मुलगा, आणि त्यांचे स्नेही एक वकील. पायाशी दोन बंदुका आणि एक पोते होते. पोत्यात काय आहे म्हणून विचारले, तर मीठ.

"मीठ कशाला?" मी म्हणालो.

"पाहुण्यांसाठी," वकील म्हणाले आणि तिघेही हसले. मग मुलाने मला समजावून सांगितले. पाणवठ्याजवळच्या खडकावर आठ दिवस आधीपासून मीठ टाकत राहायचे. सांबरांना ते चाटायची चटक लागते. त्यातून वैशाखात बाकीचे पाणवठे आटलेले असतात. एकच डोह उरतो. "मग जनावर जाणार कुठे, काका? आपण फक्त बसायचं."

हे सांगताना तो खुशीत होता. शिकवण्याची त्याला हौस दिसली. वारा नेहमी तोंडावर घ्यावा, पाठीवर घेतला तर जनावराला वास जातो. पांढरे धोतर दिसू नये म्हणून वर घोंगडी घ्यावी. तपकीर ओढू नये, शिंक येते. सांबराचे डोळे मंद पण कान फार तिखट, तेव्हा मान वळवायची ती जनावराने पाण्यात तोंड घातल्यावर. हे सर्व त्याने नीट सांगितले आणि मला तो तोपर्यंत आवडला.

मी म्हणालो, "पण या दिवसांत हरणावर बंदूक चालवायची बंदी आहे ना? आमच्या कचेरीच्या दारावर मराठीत लावलं आहे. मादी तर बारा महिने मारायची नाही."

"ते सरकारी जंगलात," जमीनदार म्हणाले. "आमचं रान खासगी."

"डोह तुमच्या हद्दीत आहे?"

"हद्दीचा दगड आहे तिथे जवळपास."

"कोणत्या बाजूला?"

"व्याहीबुवा," वकील म्हणाले, "सांबर दगड वाचतं का?"

"मी अजून व्याही झालेलो नाही," मी म्हणालो, "आणि मी दगड वाचतो." यावरही ते हसले. मी विनोद केला असे त्यांना वाटले.

ही बंदी का आहे याचा मी त्या वाटेवर बसून विचार केला आणि मला ती पटली. वैशाखात माद्या गाभण असतात. नरांची शिंगे याच सुमारास गळतात, ती पुन्हा फुटेपर्यंत लांबून नर आणि मादी सारखीच दिसतात. आणि पाणी उरलेले असते एका ठिकाणी. म्हणजे ज्या दिवसांत मारणे सर्वांत सोपे आणि चूक होणे सर्वांत संभवनीय, नेमके तेच दिवस बंद ठेवले आहेत. हिशेब सरळ आहे. माझ्या समोर बसलेल्या तीन शहाण्या माणसांनी तोच हिशेब उलटा मांडून मिठाचे पोते भरले होते.

पायथ्याशी दमणी सोडली. तिथे हाकाऱ्यांची टोळी आमची वाट पाहत बसली होती. सगळे ठाकर. त्यांचा म्होरक्या म्हणजे पन्नाशीचा एक काटक माणूस. तो जमीनदारांचीच जमीन अर्धेलीने, निम्मे पीक त्यांना घालून, करीत होता, हे नंतर कळले. त्यांनी वरच्या अंगाने ओरडत, झाडे बडवत खाली यायचे आणि रान उठवायचे. जनावर डोहाच्या बाजूने निसटेल तिथे बंदुका. याला तिकडे हाका म्हणतात.

हाका सुरू व्हायच्या आधीच वकिलांनी एक करामत केली. करवंदीच्या जाळीखाली रानकोंबडी बसलेली त्यांना दिसली. ती उठली नाही. माणूस दहा हातांवर आला तरी उठली नाही, कारण तिच्याखाली अंडी होती. त्यांनी तिथेच बार काढला. एवढ्या जवळून छर्रे मारल्यावर कोंबडीचे खाण्यासारखे काही उरले नाही. पिसे आणि चोथा. वकील म्हणाले, "अंडी तरी घेऊ, पोळी करू." त्यांनी एक अंडे दगडावर फोडून पाहिले. आत चोच आणि डोळा झालेले पिलू होते. त्यांनी हात पाल्याला पुसला, आणि उरलेली अंडी उपरण्यात बांधून घेतली.

"तीही तशीच असणार," मी म्हणालो.

"एखादं चांगलं निघेल," ते म्हणाले.

कायदा शिकलेल्या माणसाचे हे गणित. एका घरट्यातली अंडी एकाच वेळी उबतात, हे माझ्या घरच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. परत येताना त्यांनी ती अंडी वाटेत फेकून दिली. उपरण्याला वास येऊ लागला होता.

मला मुलाच्या शेजारी बसवले, डोहाच्या वर, एका खडकाच्या आडोशाला. समोरच्या काठाला वकील. जमीनदार मागे सावलीत आडवे झाले. खाली खडकावर मीठ पांढरे दिसत होते, चाटून चाटून मध्ये गुळगुळीत झालेले. वरून हाकाऱ्यांची आरोळी येऊ लागली. पहिल्याने माकडे गेली, मग दोन भेकरे तीरासारखी निसटली. मग सांबर आले.

ते धावत आले नाही. चालत आले, जड चालीने, आणि आरोळी मागून येत असतानाही खडकापाशी थांबले. शिंगे नव्हती. कान इकडून तिकडे फिरत होते. मी मुलाच्या कानाशी म्हणालो, "शिंगं नाहीत."

"गळाली असतील, काका," तो म्हणाला. नेम धरूनच म्हणाला.

"पोट बघ."

त्याने बार काढला. समोरून वकिलांनीही काढला. त्यांचे छर्रे आमच्या डोक्यावरच्या ऐनाच्या झाडात शिरले, पाने खाली पडली. जनावर एकदा बसले, उठले, घळीत उतरले आणि तिथे पडले.

आता इथली एक रीत सांगायला हवी. शिकारीचे जनावर पडले की बरोबरचा वडील माणूस त्याच्या शेजारी उभा राहून विचारतो, "मान कुणाचा?" ज्याचा पहिला बार लागला त्याने "माझा" म्हणायचे. मग मुंडके आणि कातडे त्याचे, आणि गावात जनावर त्याच्या नावाने ओळखले जाते. खांद्यावर मुंडके घालून त्याने पुढे चालायचे, बाकीच्यांनी मागे. गळ्यापासून कापलेले मुंडके द्यायचे म्हणून ती मान, आणि ते देणे हा मान, असा तो शब्द दोन्हींकडून वापरतात. हाकाऱ्यांना आतडी-काळीज आणि पुढचा एक फरा. मान हाकाऱ्याला मिळाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. त्याच्याकडे बंदूकच नसते.

जमीनदार धोतर सावरत घळीत उतरले. जनावर पोटावर पडले होते. "वा," ते म्हणाले. "मान कुणाचा?"

"माझा," मुलगा म्हणाला.

"तुझा कसा? माझे छर्रे आधी लागले," वकील म्हणाले.

"तुमचे छर्रे ऐनाला लागले. जाऊन बघा."

"बार आधी कुणाचा वाजला? काय हो व्याहीबुवा, तुम्ही मोजणारे."

"यांचा आधी," मी म्हणालो.

"काकांनी सांगितलं," मुलगा म्हणाला. त्याने जनावराच्या पाठीवर पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसला. माझ्या पसंतीला उतरलो अशा खात्रीचे ते हसणे होते.

तेवढ्यात म्होरक्याने आणि आणखी एका ठाकराने पाय धरून जनावर उलथे केले.

सड भरलेले होते. पडताना दाबले जाऊन त्यांतून दूध आले होते, ते खडकावर रक्तात मिसळून ओघळत होते. पोटाची कातडी ताणलेली होती आणि आतून ती हलत होती. आम्ही सगळे तिथे उभे असताना ती हलत होती, आणि मग हलायची थांबली. कोणी काही केले नाही. काय करायचे असते ते मला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते आपल्या धन्याच्या तोंडाकडे पाहत होते.

मुलाने पाय खाली घेतला.

जमीनदारांनी पुन्हा "मान कुणाचा" असे विचारले नाही. थोड्या वेळाने वकील म्हणाले, "छर्रे तर माझे खरंच ऐनाला लागले."

"मी वरून बार काढला," मुलगा म्हणाला. "भीती घालायला."

मी त्याच्या शेजारी हातभर अंतरावर बसलो होतो आणि हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने ते माझ्या देखत म्हटले. मला आधी वाटले तो गोंधळला असेल.

"नाक्यावर तो रखवालदार असणार," जमीनदार म्हणाले. "दोन बार ऐकले असणार त्याने." जंगलखात्याचा एक रखवालदार रानाच्या तोंडाशी झोपडीत राहत होता, बाहेर पडायची वाट त्याच्या दारावरून.

वकिलांनी विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "मी म्हणतो, मान आज या म्होरक्यालाच द्यावा. रान कुणी उठवलं? त्याने. इतकी वर्षं राबतो बिचारा, कधी कुणी मान दिला त्याला?"

"खरं आहे," जमीनदार म्हणाले. "देऊन टाका."

म्होरक्या दोन पावले मागे सरला. "नको, धनी. आमाला फरा द्या. मान नको."

"अरे, लाजतोस काय? घे." हे मुलगा म्हणाला. मुंडके कापून होताच त्याने ते स्वतः उचलले, ठाकराच्या खांद्यावर ठेवले, आणि घसरू नये म्हणून त्याच्याच कांबळ्याच्या टोकाने नीट दोन गाठी मारून बांधले. गाठी चांगल्या मारल्या. मग थाप देऊन म्हणाला, "आज तू पुढे."

ठाकर पुढे चालला. त्याच्या पाठीवरून ओघळ खाली कमरेपर्यंत येत होता, त्यावर माश्या बसत होत्या. मी त्याच्या मागेच होतो; धड काठीला टांगून बाकीचे ठाकर सगळ्यांच्या शेवटी येत होते. मागून वकिलांचा आवाज येत होता, भेकराचे मांस सांबरापेक्षा कसे कोवळे असते ते सांगत होते. 

नाक्यावर रखवालदार उभाच होता. हातात काठी. त्याने आधी जमीनदारांना वाकून रामराम घातला, मग ठाकराच्या खांद्याकडे पाहिले. शिंगे नसलेले मुंडके. तो त्याच भागातला, त्याला रीत ठाऊक होती.

"मान कुणाचा?" त्याने विचारले.

"दिसतो आहे की कुणाच्या खांद्यावर आहे," वकील म्हणाले.

"काय रे? फास लावलास? पाण्यावर?"

ठाकराने जमीनदारांकडे पाहिले. "धनी सांगतील तसा."

"आम्ही कोंबड्या मारायला आलो होतो," मुलगा म्हणाला. "हा हे घेऊन मध्येच भेटला आम्हाला."

असे म्हणताना त्याचा आवाज मुळीच हलला नाही. पाणवठ्यावर वारा कसा घ्यावा ते मला समजावताना होता तसाच स्वच्छ, समजूतदार आवाज. रखवालदाराने ठाकराचे मनगट धरले. "चल. कल्याणला चल."

मी पुढे झालो. "त्याला सोडा. बार यांनी काढला." मी मुलाकडे बोट केले. "मी शेजारी बसलो होतो. खांद्यामागे गोळीचं भोक आहे, जाऊन धड बघा. फासाचा वळ कुठेही नाही. या माणसाजवळ बंदूक नाही, आणि वकीलसाहेबांच्या बंदुकीत छर्रे होते. गोळी एकाच बंदुकीत होती."

 मग जमीनदार अगदी मायेने म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्ही ठाण्याचे. तुम्हाला इथली रीत माहीत नाही."

"आज सकाळपासून तीच बघतो आहे," मी म्हणालो. "रीत अशी, की मान ज्याचा त्याच्या खांद्यावर असावा. यांच्या खांद्यावर द्या."

रखवालदाराची पंचाईत झाली. ठाकराला धरणे सोपे होते. जमीनदाराच्या मुलाला धरणे त्याच्या पगारात बसत नव्हते. पण साक्षीला एक कचेरीतला माणूस उभा. त्याने मनगट सोडले. मग जमीनदार त्याला बाजूला घेऊन गेले. परत आले तेव्हा दोघेही हसत होते. मागची एक तंगडी झोपडीत गेली. मुंडके गाठी सोडून निवडुंगात फेकले. "पुढच्या खेपेला आधी कळवत जा, धनी," रखवालदार म्हणाला, "म्हणजे असा घोटाळा होत नाही."

सरकारचा नियम तिथे असा मिटला.

उतरणीवर ठाकर माझ्याजवळ आला. तो आभार मानेल असे मला क्षणभर वाटले. तो म्हणाला, "राव, तुमी आता आगगाडीत बसाल. आमी हितंच हाय." एवढे बोलून तो पुढे निघून गेला. त्याची जमीन अर्धेलीची होती हे मला त्याच्या सोबत्याने सांगितले ते तेव्हा.

दमणीत कल्याणपर्यंत कोणी रागावले नव्हते. मला हेच सर्वांत ओंगळ वाटले. मी भांडणाची तयारी केली होती आणि ते पुन्हा बंदुकांवर बोलू लागले होते. मुलाने मला पाणी दिले. स्टेशनात जमीनदारांनी सागाच्या पानांत बांधलेले एक गाठोडे माझ्या हातात ठेवले. पानांतून खालून लाल गळत होते.

"विहीणबाईंना द्या. मांस कोवळं आहे. मुहूर्त दशमीचा धरू या का?"

मी गाठोडे दमणीच्या बैठकीवर ठेवले. "मुहूर्त धरू नका."

"एका जनावरासाठी?"

"जनावर माझ्या ताटातही असतं."

"मग त्या ठाकरासाठी मोडता?"

"तुमच्या मुलालाच विचारा कशासाठी ते," मी म्हणालो, आणि फलाटावर गेलो. मुलगा माझी छत्री घेऊन मागून धावत आला. ती दमणीत राहिली होती. "काका, ही राहिली," म्हणाला. वागण्यात त्याच्या कुठे कमी नव्हती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अंगणात पाय धुतले, हात धुतले, पुन्हा धुतले. बायको तांब्या घेऊन उभी होती.

"मुलगा कसा आहे?"

"हुशार आहे. नेम चांगला आहे. गाठ पक्की मारतो."

"मग?"

मी तिला जे झाले ते सर्व सांगितले.  सडांचे सांगितले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. शेवटी म्हणाली, "झालं ते वाईट झालं. पण अहो, तरुण मुलगा आहे, घाबरला असेल. घरदार बघा. पुढच्या साली याच्या निम्म्यानं तरी स्थळ येईल का?"

"घाबरला असता तर मी दिली असती. तो घाबरला नव्हता, अगं. त्याने निवडून, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या खांद्यावर ते बांधलं. आपली मुलगी त्या घरात जाईल तेव्हा नाही म्हणता न येणारी ती असेल. त्याच्या हातून उद्या काय काय चुकेल ते मला माहीत नाही. कुठे नेऊन बांधेल ते आज पाहिलं."

"लोकांना काय सांगायचं? पत्रिका जुळत नाही म्हणू?"

"पत्रिका जुळते. सर्वांना माहीत आहे."

"मग काय, सांबरी मेली म्हणून लग्न मोडलं म्हणू? हसतील."

"हसू देत."

ती रागाने आत गेली. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. थोरली तिथे होती, सगळे ऐकत. आमच्या घरात मुलीने स्वतःच्या लग्नाबद्दल बापाशी बोलायची पद्धत नाही, आणि ती बोललीही नाही. बऱ्याच वेळाने दाराआडूनच तिने विचारले, "बाबा, त्या ठाकराला सोडलं का?"

"आज सोडलं," मी म्हणालो. त्याहून जास्त मला खरे सांगता येत नव्हते.

ती आईकडे वळली. मग म्हणाली, "आई, मी त्या घरी जाणार नाही." आणि माझे पान मांडायला गेली.